माहेरी सरळ, सासरी वाकडी

मुहदार ओम (ओम म्हणजे काका, डोळे मिटून बसायची गरज नाही) हे आमच्या बंदरावरचे बोटींचे डॉक्टर. ही पदवी त्यांना कुणी दिलेली नाही. त्यांनी ती एके दिवशी स्वतःच घेतली आणि परत मागायचं आम्ही विसरलो. त्याआधी ते आमच्या तिदोरे बेटभर फिरून शिंप्यांची यंत्रं दुरुस्त करायचे. एकदा एका शिंप्याच्या मेव्हण्याची बोट चालू होईना, तेव्हा ओमनी यंत्राच्या तेलाची कुपी काढून तिच्या इंजिनात कुठेतरी चार थेंब सोडले आणि बोट भुर्रकन चालू झाली. थेंब नेमके कुठे सोडले ते त्यांना आजही आठवत नाही, पण शिवणयंत्रांचा धंदा त्यांनी त्याच संध्याकाळी बंद केला.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. धक्क्याच्या काठावर उकिडवे बसतात. त्यांची बायको सालेहा तांते (तांते म्हणजे अर्थातच काकू) धक्क्यावरच केळी तळतात. तांतेंकडून ओम चहाचा पेला मागवतात, अर्धा पितात, उरलेला बोटीतल्या फळीवर ठेवायला लावतात आणि लांबून एक डोळा मिटून चहा कुठे झुकतो ते बघतात. मग मालकाला विचारतात, "उभी असताना कलते, की पळताना?"

"उभी असताना," असं उत्तर आलं की ओम खूश. बॅटरी हलव, तेलाचा डबा सरकव, फळीखालचं पाणी उपस, सासूला मध्ये बसव. अर्ध्या तासात बोट सरळ. "उभी असताना कलते ती वजनानं, पळताना कलते ती स्वभावानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्वभावाचं दुखणं आलं की मात्र त्यांचा चेहरा पडायचा. कारण पळताना बघायचं तर बोटीत बसावं लागतं, आणि बोटीत बसलं की मुहदार ओम ओकतात. बासष्ट वर्षं बेटावर काढलेला बोटींचा डॉक्टर बोट लागते म्हणून धक्क्यावरून खाली उतरत नाही, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. ओम स्वतः "गुडघा" म्हणायचे. आम्हीही अधूनमधून गुडघ्याची चौकशी करायचो.

अशा ह्या डॉक्टरकडे जैना तांतेंची बोट आली.

जैना तांते म्हणजे आमच्या प्रवासी बोटींच्या रांगेत स्वतः बोट चालवणारी एकुलती एक बाई. नवरा होता तेव्हा तो चालवायचा आणि त्या शेजारी बसून चुका काढायच्या. तो गेल्यावर चुका काढायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनीच चाक हातात घेतलं. बोटीचं नाव 'जांगान मारा', म्हणजे 'रागावू नका'. नाव नवऱ्याने ठेवलेलं. कुणाला उद्देशून, ते आम्ही कधी विचारलं नाही. इथून समोरच्या तेर्नाते बेटावरच्या बास्तियोंग धक्क्यापर्यंत दहा मिनिटांची फेरी. त्या दहा मिनिटांत तांते बारा प्रवाशांशी बोलतात, त्यातल्या तिघांशी भांडतात आणि एखाद्याचं लग्न ठरवतात.

मागच्या महिन्यात त्यांनी जुनं इंजिन काढून चाळीस घोड्यांचं बसवलं आणि बोट पळताना कलायला लागली. अगदी जराशी. ओमनी धक्क्यावर बसूनच निदान केलं, आणि ते बरोबर होतं हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच बोललं जाणार आहे.

"पंखा एका अंगाला फिरला की बोट दुसऱ्या अंगाला लवंडते," ओम म्हणाले. "इंजिन मोठं, म्हणून हिसका मोठा. जी बाजू खाली जाते तिच्या तळाला, अगदी मागे, लाकडाची एक पाचर ठोकायची. पळताना पाणी पाचरीवर आपटतं आणि ती बाजू वर उचलून धरतं. बस."

बोट तेव्हा रंगासाठी किनाऱ्यावर ओढून टायरांवर ठेवलेली होती, पाण्याला समांतर. ओमनी बाजू पाहिली, असगर सुताराला निरोप धाडला, "समुद्राकडच्या बाजूला, दोन बोटं जाड," आणि स्वतः मेव्हण्याच्या वाडीवर लवंगा तोडायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी असगरने पाचर ठोकली, बोट पाण्यात गेली.

आणि आधी जराशी कलणारी बोट आता धडधडीत आडवी व्हायला लागली.

"कुठल्या बाजूला?" परत आल्यावर ओमनी विचारलं.

"मायताराकडे," पहिल्या फेरीला गेलेले लोक म्हणाले. मायतारा म्हणजे वाटेतलं पिटुकलं बेट.

"छट्, हालमाहेराकडे," त्याच बोटीने परत आलेले लोक म्हणाले. हालमाहेरा मोठं, ते मायताराच्या बरोबर समोरच्या अंगाला.

आमच्याकडे डावं-उजवं हे शब्द नाहीत असं नाही. उजवा हात जेवायला लागतो, आणि "डावीकडे!" असं ओरडलं की रस्त्यावरची प्रवासी गाडी कडेला थांबते. तेवढाच त्यांचा उपयोग. बाकी जग समुद्राकडे नाहीतर डोंगराकडे. "तुझ्या डोंगराकडच्या गालाला भात लागलाय," असं आई म्हणते आणि आपण बरोबर तोच गाल पुसतो. भर पाण्यात डोंगर चहूबाजूंना, म्हणून तिथे बेटांची नावं घ्यायची. त्यामुळे एका बोटीला दोन दुखणी आहेत ह्याबद्दल कुणालाच शंका आली नाही, डॉक्टरांनाही नाही.

"जाताना मायताराकडे झुकते ना? मग जड माणसं हालमाहेराकडे बसव," ओम म्हणाले.

जाताना बोट बऱ्यापैकी सरळ गेली. येताना तांतेंनी डॉक्टरांचा सल्ला मोडला नाही. जड माणसं पुन्हा हालमाहेराकडेच बसवली. बोट अशी झुकली की एका बाईच्या टोपलीतल्या कोंबड्यांचे पाय ओले झाले आणि भूगोलाचे एक मास्तर पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना म्हणून संपल्यावर पाढे म्हणू लागले.

सालेहा तांतेंच्या गाड्यापाशी लगेच ह्याचा उलगडा झाला. बोट मूळची तेर्नातेची, तिथूनच विकत आणलेली.

"माहेरी जाताना सरळ जाते," सालेहा तांते केळी उलटत म्हणाल्या, "आणि सासरी यायचं म्हटलं की अंग टाकते. माझंही तेच व्हायचं."

"तुमचं माहेर चार घरं सोडून आहे, तांते," मी म्हणालो.

"मग? चार घरंसुद्धा मी वाकडीच चालत यायचे."

हा उलगडा सगळ्या बंदराला इतका पसंत पडला की दुसऱ्या दिवशी लोक 'जांगान मारा'ने तेर्नातेला जायचे आणि परतीला दुसरी बोट पकडायचे. तिसऱ्या दिवशी जातानाही बसेनात. रांग बघणारे हाजी सारबिन तेव्हा उठले. हाजी क्वचित उठतात, पण उठले की निकाल लावून बसतात.

"जैना, गुरुवारी दुपार कलताना, अस्रच्या नमाजानंतर मी स्वतः तुझ्या बोटीत बसणार. हातात कॉफीचा काठोकाठ पेला. जाऊन-येऊन बोट झुकली आणि कॉफी सांडली, तर तुझी बोट माणसांच्या रांगेतून काढून मासळीच्या रांगेत. टुना कुणाकडे तक्रार करत नाही."

"मासळी?" तांते म्हणाल्या. "हाजी, माशांशी मी बोलू काय? दिवसभर? एक तरी उलट उत्तर देतो का?"

"म्हणूनच म्हटलं," हाजी म्हणाले आणि बसले.

बुधवारी सकाळी तांते एक उशी घेऊन धक्क्यावर आल्या.

"ओम, चला. बोटीत बसून बघा."

"जैना, माझा गुडघा..."

"गुडघ्यासाठीच उशी आणलीय."

"अगं, डॉक्टर कधी रोग्याच्या पोटात शिरतो का?"

"आता शिरतात. नळीला कॅमेरा लावून शिरतात. तुम्ही बारीक आहात, नळीचीही गरज नाही."

ओमनी बायकोकडे बघितलं. सालेहा तांतेंनी तळणीतून नजर वर न करता सांगितलं, "जा. जाताना केळं मात्र खाऊ नका."

रांगेच्या फळ्यावर खडूने बोटींची नावं लिहिणं हे माझं काम. त्या दिवशी मला बोटीच्या बरोबर मध्यावर 'वजन' म्हणून बसवण्यात आलं. दोर सुटायच्या आधीच ओमचा रंग कच्च्या पपईसारखा झाला. तांतेंनी इंजिनाला जोर दिला, बोटीने नाक उचललं आणि एक कड धाडकन खाली गेली. पाणी जवळ आलं तसे ओम रांगत तिकडेच सरकले. तिथल्या लोखंडी कडीला त्यांनी आपलं चौकड्याचं फडकं बांधलं, फडकं मुठीत धरलं आणि बाकीचं समुद्राच्या स्वाधीन केलं.

"काही दिसतंय का, ओम?" तांतेंनी ओरडून विचारलं.

"सकाळचा भात," ओम म्हणाले.

बास्तियोंगला पोचल्यावर ते बोटीच्या मध्यावर आडवे पडून राहिले. तिथल्या एका बोटवाल्याने मान लांब करून विचारलं, "काय तांते, तिदोरेवाले आता मेलेली माणसं पण पोचवायला लागले का?"

"जिवंतांनाच बसवते मी. पण तुझ्यासाठी सवड काढीन," तांते म्हणाल्या आणि बोट वळवली.

परतीला पुन्हा जोर, पुन्हा नाक वर, पुन्हा एक कड खाली. ओम ह्यावेळी रांगलेसुद्धा नाहीत, बोटीने त्यांना आपणहून घरंगळवत कडेला आणून सोडलं. धरायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी आंधळेपणाने हात टाकला आणि हातात फडकं आलं. त्यांनी ते जवळ घेऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे माझं फडकं."

"मग दुसऱ्या कुणाचं असणार, ओम?"

"मी जाताना कुठे ओकलो?"

"मायताराकडे. मायतारावाल्यांनी नीट पाहिलं असेल."

"आणि आता?"

मी वर बघितलं. "आता हालमाहेराकडे."

"आणि फडकं तेच! कडी तीच!" ओम ताठ बसले. ओकारी त्यांना विसरली होती, किंवा ते तिला. "जैना! हिला दोन दुखणी नाहीत! एकच आहे! जाताना-येताना एकाच बाजूला पडते ही! बेटं आपल्या जागी असतात, बोट तेवढी फिरते! अगं, ही सारखी डावीकडे!"

'डावीकडे' ऐकताच तांतेंनी इंजिन बंद केलं.

बोट भर पाण्यात जागच्या जागी बसली. मी 'वजन' होतो तो तसाच पुढे जाऊन नाकापाशी पोचलो.

"थांबवलीस कशाला?" ओम ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना, डावीकडे! कोण उतरतंय?"

किनाऱ्यावर येताच बोट वर ओढली. ओम तिच्या मागच्या बाजूला पोटावर झोपले आणि तळाखाली बघितलं. पाचर होती. उजवीकडे होती. उचलायची होती डावी बाजू आणि ह्या पाचरीने इतके दिवस उजवी उचलून डावीला आणखी खाली दाबलं होतं. असगर सुताराला बोलावणं गेलं. तो हातोडा घेऊनच आला, कारण निरोपाचा सूर त्याला आवडला नव्हता.

"मी समुद्राकडे म्हणालो होतो!" ओम म्हणाले.

"समुद्राकडेच लावली!" असगर म्हणाला. "मी आलो तेव्हा समुद्र इथेच होता. मध्येच उठून जेवायला गेला असेल तर मला माहीत नाही."

"मग ही दुसऱ्या बाजूला गेली कशी?"

"मला काय विचारता? तुमची पाचर, तुमचा समुद्र."

दोघांनी वाळूत बोट काढली, समुद्र काढला, पुसला, पुन्हा काढला. दोघंही बरोबर होते आणि दोघंही घामाघूम. जैना तांते नीरफणसाच्या झाडाखाली उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या झाडाकडे बघू लागल्या.

"तांते?"

"डोंगराकडचा रंग वाळत नव्हता," त्या झाडालाच म्हणाल्या. "ह्या मेल्याची सावली. म्हणून मी असगर यायच्या आदल्या संध्याकाळी चार माणसं बोलावून बोट... थोडी फिरवली होती."

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे शेपटीकडे नाक आणि नाकाकडे शेपटी."

ओमनी कपाळाला हात लावला. असगरने तेवढ्यात हातोडा खाली ठेवला आणि इतका हसला की त्याला बसावं लागलं. मग ओमही हसायला लागले, आणि तांतेंना हसायचं नव्हतं तरी त्यांचे खांदे हलत होते. गुरुवारची अस्र चोवीस तासांवर आली होती.

जुनी पाचर काढली. नवी लावायची तर कुठे, हे सांगायची पाळी आली आणि ओम अडले. समुद्राकडे म्हणायची त्यांची छाती होईना. शेवटी बोटीच्या मागे, नाकाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "असगर, असा माझ्यासारखा उभा राहा. आता ज्या हातात हातोडा धरत नाहीस त्या हाताच्या बाजूला ठोक."

असगर वळला आणि सरळ उजवीकडे गेला.

"अरे, तिकडे कुठे?"

"हातोडा मी डाव्या हातात धरतो, ओम. चाळीस वर्षं बघताय."

तेव्हा तांते स्वतः बोटीखाली सरपटत गेल्या, एक बोट तळावर टेकवलं आणि आतून ओरडल्या, "इथे! इथे ठोक! आणि बोटावर ठोकलंस तर तुझ्या बायकोला सगळं सांगेन!"

"सगळं म्हणजे काय?" असगरने घाबरून विचारलं.

"ते तूच ठरव!"

पाचर जागेवर बसली. तांतेंच्या बोटाला काही झालं नाही.

गुरुवारी अस्रनंतर हाजी सारबिन पांढरी टोपी घालून, स्वच्छ लुंगी नेसून धक्क्यावर आले. हातात आले-दालचिनीची काळीभोर कॉफी, काठोकाठ. मुहदार ओम आधीच बोटीत बसलेले होते.

"ओम, तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "इथून बघा ना."

"पाचर माझी आहे," ओम म्हणाले. दात घट्ट मिटलेले असल्यामुळे ते जरा रागावल्यासारखं ऐकू आलं.

तांतेंनी चाक हातात घेतलं. दोर सोडला, बोट धक्क्यापासून लांब नेली आणि जोर दिला. बोटीने नाक उचललं. आम्ही सगळे एका बाजूला घरंगळायची तयारी ठेवून बसलो होतो. घरंगळायला काही मिळेना. दोन्ही कडा पाण्यापासून सारख्या उंच. हाजींच्या पेल्यात कॉफी सपाट, सांडायचं नाव नाही. मायतारा मागे पडलं. हाजींनी पेल्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक घोट घेतला.

"हाजी!" तांते किंचाळल्या. "पिऊ नका! तो पुरावा आहे!"

"गार होत होता पुरावा," हाजी म्हणाले आणि दुसरा घोट घेतला.

बास्तियोंगला पोचेपर्यंत पेला रिकामा झाला. रिकाम्या पेल्याने परतीची परीक्षा होणार कशी? तांतेंनी तिथल्या टपरीवरून तो पुन्हा काठोकाठ भरून आणला. "तेर्नातेची कॉफी पातळ असते. ही स्वतःहूनच सांडेल," हाजींनी आधीच नोंदवून ठेवलं.

परतीची वाट अवघड, हे बंदरावर सगळ्यांना पाठ होतं. तांतेंचे ओठ हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रवाशांशी न बोलता देवाशी बोलत असाव्यात. बोट सरळ निघाली. सरळच राहिली. हालमाहेरा आपल्या जागी, मायतारा आपल्या जागी. धक्का दिसायला लागला. तांतेंच्या तोंडावर हसू फुटतंय न फुटतंय तोच गाड्या वाहून नेणारं मोठं जहाज शेजारून गेलं आणि त्याची लाट आमच्याखाली आली. बोट उडाली, आपटली, आणि कॉफी हाजींच्या स्वच्छ लुंगीवर सांडली.

तांतेंनी इंजिन मंद केलं. हाजी मान खाली घालून लुंगीकडे बघत राहिले.

तेव्हा ओम सरकत सरकत हाजींपर्यंत गेले. चेहरा हिरवा, डोळे लाल, पण एक डोळा मिटलेला. त्यांनी लुंगीची तपासणी केली.

"हाजी," ते कण्हत म्हणाले, "जरा गुडघे जवळ आणा. ह्या गुडघ्यावर एवढा डाग. आणि ह्या गुडघ्यावर?"

हाजींनी बघितलं. मी बघितलं. दोन्ही गुडघ्यांवर मोजून घेतल्यासारखे दोन सारखे डाग.

"झुकलेली बोट एकाच गुडघ्यावर सांडते," ओम म्हणाले. "सरळ बोट दोन्हीकडे सारखं देते." एवढं बोलून ते घाईघाईने कडेकडे वळले.

हाजींनी बराच विचार केला. एक गुडघा पुढे करून पाहिला, दुसरा करून पाहिला. "तुम्ही 'बोट झुकली आणि कॉफी सांडली' असं म्हणाला होतात," मी हळूच आठवण करून दिली. "ही नुसतीच सांडली."

"तू फळा लिही," हाजी मला म्हणाले. "मला कायदा शिकवू नको." मग तांतेंकडे वळून, "लुंगी धुऊन दे. आणि रांगेत चौथी."

तांतेंनी ऐकलं की नाही कळलं नाही, कारण बोट धक्क्याला टेकायच्या आधीच त्या उभ्या राहून ओरडत होत्या, "बास्तियोंग! बास्तियोंग! बारा जागा! चौथा नंबर, पण तिघं जेवायला गेलेत!"

लवंगांचं पोतं काखेत घेऊन एक बाई पुढे आली. बोटीकडे संशयाने बघून म्हणाली, "मायताराकडे बसू, की हालमाहेराकडे?"

"बस गं, कुठेही बस," तांते म्हणाल्या आणि तिचं पोतं ओढून घेतलं. "पण पुढे बस जरा, तुझ्याशी बोलायचंय. तू असगर सुताराला ओळखतेस का? नाही? अगं, मग ऐक..."